ऑस्कर कुणाला? अंदाजाचा कागद भरण्याची रीत, इंदूरकर मंडळींसाठी

जानेवारीत ऑस्करची नामांकनं जाहीर झाली की आपल्या इंदुरातल्या मराठी घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "आपल्याला काय करायचंय त्याचं?" दुसरा चोवीस ओळींचा कागद आखून बसतो. हा लेख दुसऱ्या पक्षासाठी आहे. रामबागेत असा, टिळकनगरात असा की सुदामानगरात, सात-आठ जणांची मंडळी जमली की स्पर्धा होते. हरणाऱ्याने पोहे-जिलेबी खिलवायची, एवढीच पैज ठेवा. पैसे लावू नका. सट्ट्याचा वास आला की आधी घरातले ज्येष्ठ उठून जातात आणि त्यांच्यामागोमाग मजाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. कोणता चित्रपट चांगला, हा इथे प्रश्नच नाही. दहा हजार अनोळखी माणसं कुठल्या नावापुढे खूण करतील, एवढंच ओळखायचं आहे. नाटकाच्या मध्यंतरात चहाच्या कपासोबत "पण खरं तर तोच चित्रपट श्रेष्ठ होता" असं तावातावाने सांगणारी माणसं बहुधा रसिक म्हणून उत्तम असतात आणि या खेळात हमखास हरतात. नामांकन मिळालेले निम्मे चित्रपट इंदूरच्या पडद्यावर वेळेत लागतच नाहीत, याची हळहळ जरूर वाटू द्या. पण अंदाजापुरतं त्यात नुकसान नाही. न पाहिलेल्या चित्रपटाचा अंदाज जास्त थंड डोक्याने बांधता येतो.

पायरी पहिली : मत कोण देतं ते समजून घ्या

ऑस्कर देणारी अकादमी ही समीक्षकांची संस्था नाही. ती चित्रपटधंद्यात काम करणाऱ्यांची आहे. स्थापना १९२७ ची, पहिला सोहळा १६ मे १९२९ रोजी झाला. (त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्या इंदुरात लता मंगेशकरांचा जन्म झाला. अंदाजाला याचा उपयोग शून्य, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.) आज मतदार सुमारे दहा हजार आहेत आणि ते नट, दिग्दर्शक, संकलक, छायालेखक, वेशभूषाकार अशा शाखांत विभागलेले आहेत. नटांची शाखा सर्वांत मोठी.

नामांकनं ढोबळमानाने त्या त्या शाखेतले लोक ठरवतात, म्हणजे संकलनाची नामांकनं संकलक करतात. सर्वोत्कृष्ट चित्रपटाची नामांकनं मात्र सगळे मिळून करतात. शेवटच्या फेरीत चित्र बदलतं, कारण तिथे कुणीही कुठल्याही विभागात मत देऊ शकतो. ध्वनिमुद्रक वेशभूषेचा निकाल लावतो आणि नटी दृश्यपरिणामांचा. म्हणून नामांकनात बारीक, कसबी काम दिसतं आणि निकालात डोळ्यांत भरणारं काम जिंकतं. तांत्रिक विभागांचे अर्धे अंदाज या एका गोष्टीवर बरोबर येतात.

आणखी दोन बदल ध्यानात ठेवा. २०१६ नंतर अकादमीने सदस्यसंख्या झपाट्याने वाढवली आणि त्यात अमेरिकेबाहेरचे लोक पुष्कळ आले, त्यामुळे हॉलिवूडचे जुने आडाखे आता तितकेसे चालत नाहीत. दुसरा बदल २०२६ च्या सोहळ्यापासूनचा. ज्या विभागात मत द्यायचं, त्यातले सगळे नामांकित चित्रपट पाहिलेले असले पाहिजेत. त्याआधी लघुपटासारख्या विभागांत नाव ऐकून मत देण्याला वाव होता. तो आता आकसला आहे.

पायरी दुसरी : तक्ता आखा

शाळेची लांब वही घ्या किंवा मोबाइलवर तक्ता करा. उभ्या ओळीत सगळे विभाग लिहा. २०२६ पासून पात्रनिवडीचा नवा पुरस्कार धरून ते चोवीस होतात, आणि २०२८ च्या शंभराव्या सोहळ्यात स्टंट-आखणीचाही पुरस्कार येणार आहे. आडव्या रकान्यांत आधीच्या पुरस्कारांची नावं लिहा : गोल्डन ग्लोब, क्रिटिक्स चॉइस, निर्मात्यांचा गिल्ड (गिल्ड म्हणजे त्या धंद्यातल्यांची संघटना), दिग्दर्शकांचा गिल्ड, नटांचा गिल्ड, बाफ्टा (ब्रिटनच्या चित्रपट अकादमीचे पुरस्कार), आणि शेवटी त्या धंद्यापुरता गिल्ड, म्हणजे संकलकांचा, छायालेखकांचा वगैरे. निकाल लागेल तसं नाव भरायचं.

एक रकाना बहुतेक जण विसरतात. त्या चित्रपटाला एकूण किती आणि कुठकुठली नामांकनं मिळाली, त्याचा. हा रकाना पुढे वारंवार लागेल.

पायरी तिसरी : कोणाच्या शब्दाला किती वजन द्यायचं

इथे रमावं लागतं. आधीचे पुरस्कार दोन जातींचे असतात. काही देणारे लोक ऑस्करचे मतदार असतात आणि काही नसतात. गोल्डन ग्लोब पत्रकार देतात, क्रिटिक्स चॉइस समीक्षक देतात. यांच्यापैकी कुणालाही त्या नात्याने ऑस्करमध्ये मत नाही. त्यांचा उपयोग हवा तयार करण्यापुरता. 'नाटू नाटू'ने २०२३ च्या जानेवारीत गोल्डन ग्लोब आणि क्रिटिक्स चॉइस दोन्ही घेतले, तेव्हा मार्चमधल्या ऑस्करचा रस्ता मोकळा झाला. रिहाना आणि लेडी गागा समोर असूनही ते गाणं तोवर सगळ्यांच्या तोंडी झालं होतं.

गिल्डांचं मात्र तसं नाही. गिल्ड म्हणजे धंद्यातल्या लोकांच्या संघटना आणि त्यांचे बरेच सभासद अकादमीतही असतात. दिग्दर्शकांच्या गिल्डचा आकडा तर थक्क करणारा आहे. १९४८ सालच्या चित्रपटांपासून २०२५ च्या सोहळ्यापर्यंत गिल्डचा विजेता आणि ऑस्करचा दिग्दर्शक फक्त आठ वेळा वेगळे निघाले. त्यातही काही वेळा कारण अगदी उघड होतं. २०१३ साली 'आर्गो'च्या बेन अ‍ॅफ्लेकला गिल्डचा पुरस्कार मिळाला, पण ऑस्करचं दिग्दर्शनाचं नामांकनच नव्हतं. मग मिळणार कसं? २०२० मध्ये गिल्डने '१९१७'च्या सॅम मेंडेसला निवडलं आणि ऑस्कर 'पॅरासाइट'च्या बाँग जून हो यांनी नेलं. तेव्हा दिग्दर्शनाच्या ओळीत गिल्डचं नाव लिहा आणि पुढे चला. इथे हुशारी दाखवायला जाणाऱ्याचं नुकसानच होतं.

निर्मात्यांच्या गिल्डला मी सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी सगळ्यांत वरचा मान देतो, कारण त्यांची मतमोजणी ऑस्करसारखीच आहे. २०१० च्या सोहळ्यापासून २०२५ पर्यंत तो तीनदाच चुकला. २०१६ मध्ये त्यांनी 'द बिग शॉर्ट' निवडला आणि 'स्पॉटलाइट' जिंकला. २०१७ मध्ये 'ला ला लँड' निवडला आणि, तो चुकीच्या पाकिटाचा गोंधळ आठवतो ना, 'मूनलाइट' जिंकला. तिसरी वेळ २०२० ची, '१९१७' आणि 'पॅरासाइट'ची.

नटांच्या गिल्डकडे, ज्याच्या पुरस्कारांना आता अ‍ॅक्टर अवॉर्ड्स म्हणतात, अभिनयासाठी पाहायचं. एक खोच आहे. त्या गिल्डची मतदारसंख्या लाखाच्या वर आहे आणि त्यात दूरचित्रवाणीवरचे, जाहिरातींतले, छोटी कामं करणारे असे सगळे येतात. अकादमीतला नट त्यांच्यापेक्षा निवडक आणि जास्त परदेशी असतो. म्हणून या गिल्डने एकाला आणि ब्रिटिश बाफ्टाने दुसऱ्याला निवडलं की डोकं खाजवायची वेळ येते. त्याबद्दल पुढे.

पायरी चौथी : सर्वोत्कृष्ट चित्रपट

इतर सगळ्या विभागांत ज्याला जास्त मतं तो जिंकतो. या एका विभागात २०१० च्या सोहळ्यापासून पसंतीक्रमाने मोजणी होते. मतदार दहा चित्रपटांना एक ते दहा असे क्रम देतो. पहिल्या पसंतीची निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नसतील तर सर्वांत मागचा चित्रपट बाद होतो आणि त्याची मतं त्या-त्या कागदावरच्या पुढच्या पसंतीकडे जातात. कुणीतरी निम्म्याच्या पुढे जाईपर्यंत हे चालतं.

हे तोंडी समजत नाही, म्हणून सराफ्यात करून पाहा. दागिन्यांची दुकानं बंद होऊन खाऊची गल्ली उघडली की पंधरा जण उभे करा आणि प्रत्येकाला चार पदार्थांचे क्रम लिहायला सांगा : गराडू, भुट्टे का कीस, खोपरा पॅटीस, साबुदाणा खिचडी. समजा पहिल्या पसंतीत गराडूला ६, किसाला ४, पॅटीसला ३, खिचडीला २. साध्या मोजणीत गराडू जिंकला असता. पण जिंकायला ८ हवेत. खिचडी बाद होते. तिच्या दोघांनीही दुसरा क्रम किसाला दिलाय, म्हणून कीस ६ वर येतो आणि गराडूशी बरोबरी होते. आता पॅटीस बाद. त्याच्या तिघांपैकी दोघांनी कीस लिहिलाय, एकाने गराडू. कीस ८, गराडू ७. कीस जिंकला. गराडूचे सहा जण त्याच्यासाठी जीव टाकायला तयार होते, पण बाकीच्यांपैकी बहुतेकांना तळण आणि वरचा मसाला रात्री अकराला नको होता. किसावर कुणाचा राग नव्हता.

ऑस्करमध्ये हेच होतं. अनेकांना कमालीचा आवडणारा पण तितक्याच जणांना नकोसा वाटणारा चित्रपट इथे अडखळतो. बहुतेकांच्या दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर असणारा पुढे सरकतो. म्हणून नामांकनांच्या काळात चर्चा वाचताना स्वतःला एकच प्रश्न विचारा : या चित्रपटावर चिडलेलं कोणी आहे का? २०२२ चा 'कोडा' घ्या. फक्त तीन नामांकनं, दिग्दर्शनाचं नाही, संकलनाचं नाही. जुन्या आडाख्यानुसार त्याने जिंकूच नये. पण त्याच्यावर कुणी चिडलेलं नव्हतं. आधी नटांच्या गिल्डने त्याला समूहाचा पुरस्कार दिला, मग निर्मात्यांच्या गिल्डनेही निवडलं, आणि ऑस्करला त्याने तिन्ही नामांकनं जिंकली. 'ग्रीन बुक'वर टीका पुष्कळ झाली, तरी तो २०१९ ला जिंकला. टीका लिहिणारे आणि मत देणारे वेगळे असतात, हे त्यावरून कळतं.

नामांकनांच्या रकान्याचा उपयोग इथे होतो. पटकथेचं नामांकन नसताना सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरलेला गेल्या अर्धशतकातला चित्रपट म्हणजे 'टायटॅनिक'. त्याआधी थेट 'द साउंड ऑफ म्यूझिक'. संकलनाचं नामांकन नसलं तर पूर्वी चित्रपट शर्यतीतून बादच समजायचे. १९८० च्या 'ऑर्डिनरी पीपल'पासून २०१४ च्या 'बर्डमॅन'पर्यंत मध्ये एकही तसा जिंकला नाही. आता हा नियम सैल झालाय. पटकथेचा अजून टिकून आहे.

तुमचा क्रम असा ठेवा. निर्मात्यांच्या गिल्डचा विजेता लिहा. त्याला पटकथेचं नामांकन आहे का पाहा. दिग्दर्शकांच्या गिल्डनेही त्यालाच निवडलं असेल तर थांबा, विचार संपला. दोन्ही गिल्ड वेगळं बोलत असतील तर चित्रपट आणि दिग्दर्शन वेगवेगळ्यांना जाण्याची शक्यता खरी धरा. २०१० ते २०२५ या सोळा सोहळ्यांत असं सहा वेळा झालंय.

पायरी पाचवी : अभिनयाच्या चार ओळी

साहाय्यक भूमिकांच्या दोन ओळी बहुधा जानेवारीतच ठरतात. २०२५ मध्ये कीरन कल्किन आणि झोई साल्डान्या यांनी आधीचे सगळे मोठे पुरस्कार घेतले आणि ऑस्करही घेतलं. अशा ठिकाणी वेळ घालवू नका. खरी डोकेदुखी मुख्य भूमिकांत असते.

नटांचा गिल्ड आणि बाफ्टा एकमेकांच्या विरोधात गेले की काय करायचं? अलीकडचे दाखले समोर ठेवू. २०१९ : गिल्डने ग्लेन क्लोज, बाफ्टाने ऑलिव्हिया कोलमन. ऑस्कर कोलमनला. २०२१ : गिल्डने चॅडविक बोझमन आणि व्हायोला डेव्हिस, बाफ्टाने अँथनी हॉपकिन्स आणि फ्रान्सिस मॅक्डोर्मंड. दोन्ही ऑस्कर बाफ्टाच्या बाजूने. २०२४ : गिल्डने लिली ग्लॅडस्टोन, बाफ्टाने एमा स्टोन. ऑस्कर स्टोनला. २०२५ : गिल्डने टिमथी शालमे आणि डेमी मूर, बाफ्टाने एड्रियन ब्रोडी आणि मायकी मॅडिसन. पुन्हा बाफ्टा.

म्हणजे बाफ्टा पकडावा? थांबा. २०२३ मध्ये बाफ्टाने चारही ओळींत चूक केली आणि गिल्डने चारही बरोबर सांगितल्या. तेव्हा माझा आडाखा वेगळा आहे : दोघांचं जमत नसेल तर चित्रपटाच्या ताकदीकडे बघा. कोलमनच्या 'द फेव्हरिट'ला दहा नामांकनं होती, क्लोजच्या 'द वाइफ'ला तिचं स्वतःचं एकच. हॉपकिन्सचा 'द फादर' सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीत होता, बोझमनचा चित्रपट नव्हता. मॅडिसनचा 'अनोरा' तर सगळ्यांत वरचा पुरस्कार घेऊन गेला. अर्थात ब्रेंडन फ्रेझरने हाही आडाखा मोडला. त्याचा 'द व्हेल' त्या यादीत नव्हता, तरी त्याने 'एल्व्हिस'च्या ऑस्टिन बटलरला मागे टाकलं. अनेक वर्षांनी परतलेल्या, सगळ्यांच्या प्रेमातल्या नटाची गोष्ट मतदारांना भुरळ घालते. पण हीच गोष्ट डेमी मूरच्या बाबतीत चालली नाही, हेही त्याच श्वासात सांगायला हवं.

एक बारीक गोष्ट वयाची. तरुण नटाला अकादमी हात राखून देते. मुख्य अभिनेत्याचं ऑस्कर सर्वांत लहान वयात जिंकण्याचा विक्रम एड्रियन ब्रोडीने २००३ मध्ये केला आणि तेव्हा तो २९ वर्षांचा होता. २०२५ ला शालमेने तो मोडायची संधी होती, आणि त्याला हरवलं ब्रोडीनेच. अभिनेत्रींच्या बाबतीत असा संकोच दिसत नाही. मायकी मॅडिसन पंचविशीची होती.

पायरी सहावी : पटकथा

दोन ओळी, स्वतंत्र आणि रूपांतरित. सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून तुम्ही जे लिहिलंत, ते त्याच्या पटकथेच्या ओळीतही लिहा. २०१० ते २०२५ या सोळा वर्षांत बारा वेळा असं झालं. उरलेल्या ओळीत मतदारांना आवडलेला पण वरचा पुरस्कार मिळणं अवघड असलेला चित्रपट बसतो, जसा २०१८ मध्ये 'गेट आउट'. लेखकांच्या गिल्डवर फार विसंबू नका. त्यांच्या नियमांमुळे कित्येक पटकथा त्यांच्या स्पर्धेत येतच नाहीत.

पायरी सातवी : तांत्रिक विभाग

गुणांची खरी कमाई इथेच असते, आणि मंडळींतले निम्मे जण इथे डोळे मिटून खूण करतात. आमच्या आत्याचं या विभागांवर जाणीवपूर्वक प्रेम आहे. तिने गेल्या वर्षी चश्मा वर करून एकच सांगितलं, "बघ, दूर बसून काय दिसतं तेच यांना दिसतं." वेशभूषेत, कलादिग्दर्शनात तिचं म्हणणं तंतोतंत खरं आहे.

वेशभूषेत जुना काळ किंवा कल्पनेतलं जग जिंकतं. आजच्या काळातले, रोजच्या वापरातले कपडे कितीही विचारपूर्वक निवडलेले असोत, क्वचित जिंकतात. आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्या यांनी १९८३ च्या सोहळ्यात जॉन मोलो यांच्याबरोबर 'गांधी'साठी ऑस्कर घेतलं. तो चित्रपट मोठा, काळ जुना, पडद्यावर माणसं हजारो, आणि त्या रात्री चित्रपटाच्या वाट्याला एकूण आठ पुरस्कार आले. आजही हाच नमुना धरा. २०२५ मध्ये वेशभूषा आणि कलादिग्दर्शन दोन्ही 'विकेड'ला गेले. या दोन्ही धंद्यांच्या गिल्डांचे पुरस्कार जुना काळ, कल्पनारम्य, समकालीन असे तीन भागांत वाटलेले असतात. त्यामुळे तिथे तीन विजेते होतात. तुम्हाला त्यांतला सगळ्यात भव्य निवडायचा असतो.

संकलन सध्या वरच्या पुरस्काराच्या मागे जातंय. २०२३, २०२४ आणि २०२५ ला दोन्ही एकाच चित्रपटाला मिळाले. ध्वनीत युद्ध, विमानं, वाळवंट, संगीत यांची चलती असते, पण २०२४ ला 'द झोन ऑफ इंटरेस्ट'ने 'ओपनहायमर'ला हरवलं. त्या चित्रपटात भिंतीपलीकडचं सगळं ऐकूच येतं, दिसत नाही. सगळ्या मतदारांना ते कळलं, म्हणून मिळालं. रंगभूषेत चेहरा ओळखू येऊ नये इतका बदललेला नट शोधा. तो स्वतः अभिनयाच्या शर्यतीत असेल तर आणखी बरं. 'डार्केस्ट अवर', 'द आइज ऑफ टॅमी फे', 'द व्हेल' या तिन्हींनी रंगभूषा आणि मुख्य अभिनय एकत्र नेले.

दृश्यपरिणामांत आणि छायालेखनात त्या-त्या गिल्डचं ऐकावं, पण सावधपणे. २०२४ ला दृश्यपरिणामांच्या संस्थेने 'द क्रिएटर'ला मुख्य पुरस्कार दिला आणि ऑस्कर जपानच्या 'गॉडझिला मायनस वन'ने घेतलं. २०२५ ला छायालेखकांच्या गिल्डने 'मारिया' निवडला आणि ऑस्कर 'द ब्रूटलिस्ट'ला गेलं. दोन्ही वेळा कसबी लोकांचं मत एक आणि सभेचं मत दुसरं झालं. पहिली पायरी आठवा.

पायरी आठवी : ॲनिमेशन, परदेशी चित्रपट आणि लघुपट

ॲनिमेशनमध्ये अ‍ॅनी पुरस्कार त्या धंद्यातले लोक देतात, आणि २०२४, २०२५ अशी दोन वर्षं तो चुकला. दोन्ही वेळा गोल्डन ग्लोबचा विजेता बरोबर निघाला : 'द बॉय अँड द हेरन' आणि लॅटव्हियाचा 'फ्लो', ज्यात एकही संवाद नाही. दोन वर्षांवरून कायमचा नियम करू नये, पण परदेशी मतदार वाढल्याचं हे लक्षण आहे असं मला वाटतं.

आंतरराष्ट्रीय चित्रपटाची ओळ एरवी सोपी असते. त्या यादीतला जो चित्रपट सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीतही असेल, तो लिहा. 'आमूर', 'रोमा', 'पॅरासाइट', 'ड्राइव्ह माय कार', 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट', 'द झोन ऑफ इंटरेस्ट', सगळे असेच जिंकले. २०२५ मध्ये असे दोन निघाले आणि तेरा नामांकनं घेऊन आलेला 'एमिलिया पेरेझ' ब्राझीलच्या 'आय अ‍ॅम स्टिल हिअर'कडून हरला. त्याची गोष्ट पुढच्या पायरीत येते.

भारताच्या प्रवेशिकेबद्दल आपलं मन वाहवतं, हे साहजिक आहे. 'लापता लेडीज' तर आपल्या मध्य प्रदेशात, सीहोरच्या आसपास चित्रित झालेला. डिसेंबर २०२४ ला पंधरा चित्रपटांची पहिली यादी आली तेव्हा त्यात तो नव्हता. त्या यादीत एक हिंदी चित्रपट मात्र होता, 'संतोष', आणि तो ब्रिटनची प्रवेशिका होता. डिसेंबरची ती यादी आली की मगच आपल्या आशेचं गणित मांडा. त्याआधी मांडलं तर तक्त्यात भावना शिरतात.

लघुपटांच्या तीन ओळींत मी जास्त वेळ घालवत नाही. विषय, लांबी आणि कुणाचं मोठं नाव मागे आहे, एवढं पाहून लिहितो. तुम्हाला पाहायला मिळत असतील तर पाहा. मंडळींत ज्याने ते पाहिलेत तो या तीन ओळींत पुढे जाण्याची शक्यता असते.

पायरी नववी : तारखा आणि वारा

निकाल कधी लागतो याइतकंच मतदान कधी बंद होतं हे महत्त्वाचं. २०२५ चं वेळापत्रक पाहा. दिग्दर्शक आणि निर्माते, दोन्ही गिल्डांचे निकाल ८ फेब्रुवारीला. शेवटचं मतदान ११ ते १८ फेब्रुवारी. बाफ्टा मधेच, १६ तारखेला. नटांच्या गिल्डचा सोहळा २३ तारखेला, म्हणजे मतपेट्या बंद झाल्यावर. शालमेचं त्या रात्रीचं भाषण कितीही गाजलं तरी एकही मत हलणार नव्हतं. त्या रात्रीनंतर "आता वारं फिरलं" म्हणत ज्यांनी कागद खोडले, ते फसले. म्हणून तक्त्याच्या वर मतदानाच्या तारखा ठळक लिहा.

वारं फिरतंही, पण मतदानाआधी. 'एमिलिया पेरेझ'ला तेरा नामांकनं मिळाली आणि लगेच, जानेवारीच्या अखेरीस, मुख्य अभिनेत्रीच्या जुन्या वादग्रस्त ट्वीट वर आल्या. चित्रपटाला शेवटी दोनच पुरस्कार मिळाले, साहाय्यक अभिनेत्रीचा आणि गाण्याचा. नामांकनाच्या दिवसानंतर आणि मतदानाआधी निघालेला वाद हा सगळ्यांत घातक. नामांकनाआधीचा वाद बहुधा पचलेला असतो.

पायरी दहावी : आता मंडळींत जिंका

बरोबर अंदाज बांधणं आणि मंडळींत पहिला येणं यांत फरक आहे. सगळेच गिल्डचे विजेते लिहिणार असतील तर सगळ्यांना सारखेच गुण पडतील. म्हणून आपला कागद दोन किंवा तीन ठिकाणी मुद्दाम वेगळा करा, आणि तोही जिथे आधीच्या पुरस्कारांत फूट आहे तिथेच. दिग्दर्शनाच्या ओळीत वेगळं लिहून काही मिळत नाही. मुख्य अभिनेत्रीच्या ओळीत, छायालेखनात, ॲनिमेशनमध्ये मिळू शकतं.

गुणांची पद्धत मी अशी सुचवेन. प्रत्येकाने चोवीस विभागांचे आठ-आठचे तीन गट करायचे : पक्कं, बहुतेक आणि नशीब. पक्क्याला तीन गुण, बहुतेकला दोन, नशिबाला एक. मग नुसतं नाव बरोबर असून भागत नाही, कुठे छाती ठोकायची आणि कुठे नाही हेही कळावं लागतं. सराफ्यातल्या बाकावर सगळ्यांनी कागद एकदम उघडायचे. खाडाखोड असलेला कागद बाद, नाहीतर काका लोक शेवटच्या क्षणी पेन काढतात.

सोहळा आपल्याकडे सोमवारी पहाटे दिसतो. लॉस एंजेलिसला दुपारी चारची वेळ असेल तर आपल्याकडे ती एकतर साडेपाच किंवा साडेचार होते. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे नेतात. सोहळा त्या रविवारच्या आधी असला तर साडेपाच, त्या दिवशी किंवा नंतर असला तर साडेचार. २०२५ ला २ मार्च होता म्हणून साडेपाचला उठून चाललं. २०२४ ला १० मार्चला घड्याळं त्याच दिवशी पुढे गेली आणि साडेचारला उठावं लागलं. गजर लावण्याआधी हे बघा.

कागद तपासायला मंडळींबाहेरचा कुणीतरी नेमा. एखाद्या विभागात दोघांना विभागून मिळालं तर ज्यांनी दोघांपैकी कुणाचंही नाव लिहिलंय, त्यांना पूर्ण गुण द्या. हे घडतं : २०१३ ला ध्वनिसंकलनात 'स्कायफॉल' आणि 'झीरो डार्क थर्टी' दोघांना मिळालं होतं, आणि १९६९ च्या सोहळ्यात मुख्य अभिनेत्रीचं कॅथरिन हेपबर्न आणि बार्बरा स्ट्रायसँड या दोघींना. मंडळींतच बरोबरी झाली तर त्यासाठी कागदाच्या तळाशी आधीच एक ओळ ठेवा, सोहळा किती मिनिटं चालेल याची. साडेतीन तासांच्या आसपास धरून लिहा. ज्याचा आकडा खऱ्या वेळेच्या जवळ, त्याने पोहे मागवायचे, हरणाऱ्याने पैसे द्यायचे.